लेबलावरची सही

बुधवार, ४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. घरी सगळे बरे असाल. इकडे आम्ही तिघंही ठीक. ह्यांचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात चढ-उतार करणाऱ्या माणसाचा गुडघा दुसरं काय करणार? लेक उंचीत मला मागे टाकून गेली आणि तोंडात तर केव्हाच. भाऊजींना नमस्कार सांग. तुमच्या झेरॉक्सच्या दुकानात आता दोन मशिनं झाली असं ऐकलं. कुणाकडून ऐकलं ते विचारू नकोस, मला सगळं कळत असतं.

नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, कुणीतरी गेलं. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच करणार होते, पण फोनवर तू गप्प बसतेस आणि तुझं ते गप्प बसणं मला सोसत नाही. पत्र लिहिलं म्हणजे निदान ते ऐकावं लागत नाही.

तर बातमी अशी, की मी पास झाले. हसू नकोस गं. चाळिसाव्या वर्षी तुझी धाकटी बहीण हायस्कूल पास झाली. डिप्लोमा आलाय, शिक्का आहे, सही आहे, सगळं आहे. ऑनलाइन शाळा होती. दीड वर्ष रोज सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी दोन तास लेकीच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसले. ती कार्टी जाता-येता विचारायची, "आई, गृहपाठ झाला का? का उभी करू वर्गाबाहेर?"

सुरुवातीला माझी खात्री होती, की ही शाळा म्हणजे शुद्ध फसवाफसवी. ना इमारत, ना घंटा, ना फळा. अशी कुठे शाळा असते? त्यांच्या ऑफिसात मी तीन वेळा फोन केला, तीन वेगवेगळे आवाज काढून, आणि तोच प्रश्न विचारला. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, तेव्हा कुठे फॉर्म भरला. तरी पहिले दोन महिने रोज उठून आधी बघायचे, शाळा जागेवर आहे की रातोरात पळाली.

आणि त्यांची परीक्षा! स्क्रीनवर एक बाई यायची, लांब कुठेतरी बसलेली. म्हणायची, "कॅमेरा फिरवून खोली दाखवा. आता टेबलाखाली दाखवा. केस मागे घ्या, कान दाखवा." कानात काही बोळा घातलाय का ते बघायला! मग ओळखपत्र चेहऱ्याशेजारी धरायचं आणि ती माझ्याकडे बघायची, कार्डाकडे बघायची, परत माझ्याकडे. माझ्यापेक्षा संशयी बाई जन्मात पहिल्यांदा भेटली. पण खरं सांगू? ती तशी बघायला लागली की माझ्या हाताला घाम फुटायचा. कान स्वच्छ, टेबलाखाली काही नाही, कार्ड माझंच, तरी फुटायचा.

तुला वाटतं मी हॉस्पिटलात अजून फरश्या पुसते. नाही पुसत. तेवीस वर्षं मी ऑपरेशनची इन्स्ट्रुमेंटं निर्जंतुक करण्याच्या खात्यात आहे. कात्र्या, चिमटे, आकडे ट्रेमधून घाण होऊन येतात. ते धुवायचे, पुसायचे, भिंगाखाली बघायचे, दुहेरी कापडात गुंडाळायचे आणि ऑटोक्लेव्हमध्ये लावायचे. म्हणजे आपला प्रेशर कुकरच, पण माणूस आत उभा राहील एवढा. प्रत्येक पॅकवर एक चिकटपट्टी असते, तिच्यावरच्या रेषा वाफ लागल्याशिवाय काळ्या होत नाहीत. आणि प्रत्येक पॅकवर लेबल. तारीख, वेळ, पॅक करणारीची सही, तपासणारीची सही. आमच्याकडे नियम एकच, ज्याची सही त्याची जबाबदारी. उद्या ऑपरेशनच्या टेबलावर काही झालं तर डॉक्टर आधी लेबल बघतात.

तेवीस वर्षं त्या मशिनचं दार लावतेय, पण दाब वाढवला की वाफ शंभराच्या पुढे का तापते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. ऑनलाइन शाळेच्या विज्ञानात तो धडा होता. वाचला आणि मी रडले. तुला पटणार नाही, पण रडले. ह्यांना वाटलं नापास झाले.

मग हाव सुटली. इथल्या कॉलेजात ह्याच कामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, नोकरी करता करता करायचा. अर्ज भरला. डिप्लोमा जोडला, हॉस्पिटलचं अनुभवाचं पत्र जोडलं. मला ते कॉलेज हवंय, ताई. आयुष्यात काही मागितलं नाही एवढं हवंय.

आणि परवा कॉलेजचं पत्र आलं. "आपल्या कागदपत्रांत विसंगती आढळली आहे. वीस मार्चपर्यंत मूळ कागदपत्रांसह समक्ष येऊन खुलासा करावा, अन्यथा अर्ज रद्द समजण्यात येईल."

विसंगती म्हणजे काय, ते लिहिलेलं नाही. आपण होऊन कुणाला विसंगती दिसत नसते. कुणीतरी बोट दाखवलं की मगच दिसते. कुठेतरी पाणी मुरतंय. आमच्या खात्यात एक चष्मेवाली नवीन मुलगी आली आहे, शिकलेली, ती गेला महिनाभर माझ्या टेबलाभोवती घुटमळते. मेट्रनबाई आजकाल माझ्याशी फार गोड बोलतात. ह्यांना एकदा मी म्हटलं, कॉलेज मिळालं तर संध्याकाळचा स्वयंपाक तुम्हाला बघावा लागेल, तेव्हा ते "बरं" म्हणाले. नुसतं "बरं". वीस वर्षांच्या संसारात हा माणूस एका झटक्यात "बरं" कधी म्हणाला नव्हता. मी प्रत्येकावर नजर ठेवून आहे.

पण विचार करता करता एक गोष्ट डोक्यात आली आणि आता जात नाही. ह्यातल्या कुणालाही माझं जुनं काही माहीत नाही. जुनं माहीत असलेलं माणूस एकच उरलंय.

ताई, तू कुणाला काही बोललीस का? बोलली असलीस तर सरळ सांग. मी भांडणार नाही. आईच्या वेळी जे झालं ते झालं, तो राग अजून धरून बसली असलीस तर माझ्यावर काढ, माझ्या कॉलेजवर काढू नकोस.

उत्तर लगेच पाठव. दिवस फार नाहीत.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी

———

बुधवार, ११ मार्च

ताई,

तुझं उत्तर पोचलं. लांबलचक पाकीट, आत नवी कोरी चौकोनी घडी, आणि त्या अख्ख्या कागदावर एक शब्द. "कशाबद्दल?"

वाचून आधी संताप आला. किती साळसूदपणे विचारते बघा, म्हटलं. मग पाकीट उलटंपालटं केलं. शिक्का बघितला, अक्षर बघितलं. तुझा हात थरथरलेला नाही. घाईत लिहिलेलंही नाही. खोटं बोलणारं माणूस इतकं थोडं लिहीत नाही, हे मला माझ्यावरून माहीत आहे. मागचं माझं पत्र चार पानांचं होतं.

चष्मेवालीचा सोक्षमोक्ष लागला, तो आधी सांगते. शुक्रवारी मी तिला रंगेहाथ पकडली. मी पॅक बांधत होते आणि ती माझ्या पाठीमागून मोबाईलवर फोटो काढत होती. मी गर्रकन वळले आणि अशी काही बरसले, की धुण्याच्या मशिनवरची दोघं हातातलं काम टाकून बघायला आली. कुणाला पाठवतेस हे फोटो? कोण आहे तुझ्या मागे? ती बिचारी लाल झाली. म्हणाली, "तुमच्यासारखी कोपऱ्याची घडी मला येतच नाही हो. माझे पॅक सुटतात. घरी बघून बघून शिकते. विचारायची लाज वाटत होती." मोबाईल माझ्या हातात दिला. नुसत्या घड्या होत्या. माझे हात आणि कापड, चाळीस-पन्नास फोटो.

मी तिला घडी शिकवली. पण माफी मागितली नाही, ते जमलं नाही.

मेट्रनबाईंचं गोड बोलणंही निघालं ते माझ्या शिफारसपत्रासाठी. त्यांनी दोन पानं लिहून ठेवली होती. माझ्या खात्यातली सगळ्यात भरवशाची बाई, असं पहिलंच वाक्य. ते वाचून मी संडासात जाऊन बसले. ह्यांच्या "बरं"चं काही निघालं नाही. विचारलं तर म्हणाले, "अगं, बरं म्हणजे बरं."

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कशाबद्दल.

हॉस्पिटलात मी तुझ्या नावानं आहे.

लिहिलं एकदाचं. माझ्या हजेरीवर तुझं नाव, पगारपत्रकावर तुझं नाव, जन्मतारीख तुझी. माझ्या खिशावर जी पट्टी लावतात तिच्यावर तुझं नाव. तिथे कुणी हाक मारली की मी तुझ्या नावाला ओ देते. तेवीस वर्षं. सुरुवातीला कुणी ओळखपत्र-बिळखपत्र मागत नव्हतं, शाळा पास झाल्याचा दाखला दाखवला की झालं. पुढे बँकेचं खातंही हॉस्पिटलनेच त्यांच्या पत्रावर काढून दिलं. ह्यांना माहीत आहे. तू राजीखुशीनं दिलास दाखला, असं मी ह्यांना सांगितलंय. लेकीला माहीत नाही.

मी तेव्हा सतरा वर्षांची, गणितात दोनदा नापास होऊन घरी बसलेली. आणि त्या जागेला शाळा पास झालेली, अठरा पूर्ण असलेली मुलगी हवी होती. दाखला आईनं मला दिला. ती म्हणाली, मोठीचं काय, तिचं लग्न होऊन जाईल, तुला हातपाय हवेत. आईनंच मला गप्प राहायला सांगितलं. आता आई गेली, तिला मी काय बोलू? तुझं नुकसान व्हावं असं मनात नव्हतं. कुणाच्याच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलनं फर्मान काढलं, की सगळ्यांचे मूळ दाखले पुन्हा तपासून कॉम्प्युटरवर चढवणार. तेव्हापासून माझी झोप गेली. तेव्हाच ही ऑनलाइन शाळा धरली. म्हटलं, आपल्या नावाचा डिप्लोमा घ्यावा, आपल्या नावानं कॉलेज करावं, दुसऱ्या एखाद्या हॉस्पिटलात आपल्या नावानं लागावं, आणि तुझं नाव जिथून उचललं तिथे गुपचूप ठेवून यावं. कुणाला पत्ता लागला नसता. अनुभवाचं पत्र तेवढं तुझ्या नावाचं होतं. ते मी घरचं नाव आणि शाळेतलं नाव वेगळं आहे, असं सांगून निभावून नेणार होते. अशा गोष्टी चालतात.

कुणीतरी बोललं नसतं तर चाललंच असतं. म्हणून परत विचारते. तू नाहीस, मग भाऊजी? दुकानात दिवसभर चार माणसं येतात-जातात. सहज बोलून गेले असतील. त्यांना विचार. पण माझं नाव घेऊ नकोस.

नऊ वर्षांपूर्वी आईचं सगळं आवरून झाल्यावर, कपाट रिकामं करताना तू म्हणालीस, "माझा दाखला ह्या घरातूनच कुणीतरी घेतला होता." मी तुझ्यावर किती तडकले ते मला आठवतं. सख्ख्या बहिणीवर संशय घेतेस, असं म्हणाले. जिना उतरताना पण ओरडत होते. आता तुला कळलं असेल, की मला आईला सांभाळायचं होतं.

कॉलेजात मंगळवारी जाईन म्हणते. त्याआधी तुझं पत्र आलं तर बरं.

तुझी,
धाकटी

———

शुक्रवार, २० मार्च

ताई,

ह्या वेळी तू जास्त लिहिलंस. चार ओळी. माझ्या पाठ झाल्या आहेत, तरी इथे उतरवते, म्हणजे मी त्या वाचल्या हे तुला कळेल.

"आईनं दिला नाही. आईनं माझ्याबरोबर तीन दिवस घर उपसलं. तिसऱ्या दिवशी तिनं पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. जिला दाखला कुठे आहे ते माहीत आहे, ती बाई पिठाच्या डब्यात हात घालत नाही."

बरोबर आहे. आईला काही माहीत नव्हतं. मी मेलेल्या आईवर ढकललं, आणि ते लिहिताना माझा हातसुद्धा अडला नाही. ह्याची मला लाज वाटते, आणि जे केलं त्यापेक्षा ह्याची जास्त वाटते.

आधी कॉलेजचं सांगते, मग तिकडे येते. आज कशालाही बगल देणार नाही.

मंगळवारी गेले. प्रवेशाच्या खिडकीवर एक कारकून बाई आहेत, माझ्याच वयाच्या, गळ्यात दोरीला चष्मा. मी सगळी तयारी करून गेले होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच सुरू केलं. "कुणाची तक्रार आली आहे ते मला आधी कळायला हवं. माझ्या वाईटावर कोण आहे त्याचं नाव सांगा, मग मी खुलासा करते."

त्या म्हणाल्या, "तक्रार? कुणाची तक्रार नाही हो." फाईल काढली, माझा अर्ज माझ्यासमोर ठेवला आणि शेवटच्या पानावर बोट टेकलं. "अनुभवाच्या पत्रावर वेगळं नाव पुष्कळांचं असतं, ते चालतं. पण अर्ज एका नावाचा आहे आणि सही दुसऱ्याच नावाची. एवढंच विचारायचं होतं."

ताई, सही तुझी होती.

मी केली होती. "वरील माहिती खरी आहे" असं छापलंय त्याच्याखाली. पहिलं अक्षर मोठं, शेवटी खालून वळवून आणलेली रेघ, बरोब्बर तुझी सही. मी सतरा वर्षांची असताना वहीची पानंच्या पानं भरून घोटलेली. तेवीस वर्षं दिवसाला पन्नास-साठ लेबलांवर मी तीच करत आले. पेन हातात आलं, सहीची जागा दिसली, हातानं केली. मी बघितलंसुद्धा नाही. वर माझं नाव नीट, सावकाश, आठवून आठवून लिहिलं होतं.

म्हणजे कुणी चुगली केली नव्हती. चष्मेवाली नाही, मेट्रनबाई नाहीत, हे नाहीत, तू नाहीस, भाऊजी नाहीत. सगळ्या जगावर पहारा ठेवला आणि माझ्याच हातानं मला धरून दिलं.

मी बाईंना म्हटलं, घरचं नाव वेगळं आहे. त्या "बरं" म्हणाल्या. "मग तसं लिहून द्या, म्हणजे झालं." इतकं सोपं होतं. कोरा कागद सरकवला माझ्याकडे. आणि मी तो घेऊन घरी आले. घरी तुझं पत्र येऊन पडलं होतं.

आता दाखला.

तो मी घेतला. तुझ्या पेटीतून, इस्त्रीच्या परकराखालून. तुला आवडतं तसं तू तो प्लास्टिकमध्ये घालून ठेवला होतास. मला एक दिवसापुरता हवा होता, हे खरं आहे. सकाळी न्यायचा, दाखवायचा, तू परत यायच्या आत जागेवर ठेवायचा. पण हॉस्पिटलच्या कारकुनानं तो ठेवून घेतला. म्हणाला, तपासून आठ दिवसांनी मिळेल. तुझी शिक्षिकेच्या कॉलेजची मुलाखत चौथ्या दिवशी होती, मूळ दाखला घेऊन बोलावलं होतं.

त्या चार दिवसांत मी कुठल्याही क्षणी बोलू शकले असते. हॉस्पिटलात जाऊन मागून आणू शकले असते. नोकरी गेली असती, एवढंच. मी नाही बोलले. उलट तुझ्याबरोबर शोधला. पलंग मी सरकवला होता, आठवतं? पलंगाखाली मी वाकून बघितलं आणि "इथे नाही गं" म्हणाले. घरी सगळ्यांना सांगितलं, फरशी पुसायची नोकरी लागली, तिला दाखला लागत नाही. आई तुला वेंधळी म्हणाली, बाबा म्हणाले जिला एक कागद सांभाळता येत नाही ती पोरं काय सांभाळणार. तू भिंतीकडे तोंड करून बसली होतीस. मी तुला पाणी आणून दिलं.

आठ दिवसांनी दाखला परत मिळाला. तेव्हाही पेटीमागे टाकून "सापडला" म्हणता आलं असतं. मला वाटलं, कुणाला तरी शंका येईल. तेव्हापासून मला प्रत्येकाच्या डोळ्यांत शंका दिसायला लागली ती आजवर. शाळेतून दुसरी प्रत यायला चार महिने लागले, तोवर कॉलेज भरून गेलं, पुढच्या वर्षी तुझं लग्न. आणि आता तू दिवसभर लोकांच्या दाखल्यांच्या झेरॉक्स काढतेस. तुमच्या दुकानात दोन मशिनं आहेत हे मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. मी बघून गेले होते. समोरच्या फुटपाथवरून, दोनदा. एका मुलीला तू सांगत होतीस, "मूळ कागद कधी कुणाच्या हातात देऊ नकोस बाळा, झेरॉक्स दे." मी तशीच मागे फिरले.

मला तू कधी शिक्षिका झालेली दिसली नाहीस, आणि त्याचं कारण मी आहे. मला माफ कर असं लिहायला धजत नाही. मी चुकले एवढंच लिहिते. फार चुकले, ताई.

काल मी खिडकीवर जाऊन तो कागद दिला. घरचं नाव वगैरे लिहिलं नाही. जे झालं ते लिहिलं, दीड पान. बाईंनी उभ्या उभ्या वाचलं, मग खाली बसून परत वाचलं. म्हणाल्या, "हे समितीपुढे जाईल. काय होईल मी सांगू शकत नाही." आणि कागद फाईलला लावता लावता, "तुमचा डिप्लोमा मात्र तुमचाच आहे. तो कुणी काढून घेणार नाही."

तिथून हॉस्पिटलात गेले. मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शिफारसपत्राची दोन पानं समोर ओढून बघितली. मग म्हणाल्या, "मग आता तुला हाक काय मारायची?" मी माझं नाव सांगितलं. त्यांनी ते एकदा म्हणून बघितलं. आजपासून मला कामावरून थांबवलंय, चौकशी होईपर्यंत. नोकरी राहणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. चष्मेवाली दारापर्यंत आली होती. आता तिच्या घड्या सुटत नाहीत. तिची माफीही मागून टाकली.

लेकीला घरी सगळं सांगितलं. ती बोलत नाहीये माझ्याशी. तुझ्यासारखीच गप्प बसते. आता ते ऐकायची सवय करायला हवी.

ह्या पत्राबरोबर एक पार्सल येईल. त्यात तुझा मूळ दाखला आहे. कोपरा दुमडलेला नाही, शाई उडालेली नाही, तेवढी मात्र मी काळजी घेतली. पोलिसांत जायचं असेल तर हाच पुरावा, आणि वर हे पत्र. कॉलेजात जायचं असेल तर त्यालाही चालेल. बाईंना मी विचारलं, बेचाळीस वर्षांच्या बाईला शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला घेतात का. त्या म्हणाल्या, वयाची अट नाही, मूळ दाखला हवा. शिक्षिकेच्या कॉलेजचा पत्ता दाखल्यामागे टाचला आहे. ह्यातलं तू काय करशील, किंवा काहीच करणार नाहीस, ह्याचा मी ह्या खेपेला अंदाज बांधत बसलेली नाही. तुझ्या कागदाचं तू बघ.

पार्सल उघडताना घाई करू नकोस. दुहेरी कापड आहे, काल निघायच्या आधी खात्यातच बांधलं, मेट्रनबाईंना विचारून. वर लेबल आहे. तारीख आहे, वेळ आहे. पॅक करणारीच्या रकान्यात मी सही केली आहे, माझ्या नावाची. तीन लेबलं फुकट गेली, हात सारखा तुझ्या वळणावर जात होता. चौथं जमलं. वाकडं आहे, शाळकरी पोरीसारखं दिसतं, पण माझं आहे.

तपासणारीचा रकाना कोरा ठेवलाय. तो तुझा.

तुझं नाव तुला परत देणारी,
तुझी धाकटी बहीण